घरच्या गेममध्ये जिंकतोयस म्हणून गोव्याला निघण्याआधी हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की वय २६, अंबडला कंपनीत नोकरी, दर शनिवारी गंगापूर रोडला मित्राच्या फ्लॅटवर १०/२० ब्लाइंडचा (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे १० आणि २० रुपये) होल्डेम, म्हणजे हातातले दोन आणि टेबलवरचे पाच सामायिक पत्ते वापरून खेळायचा पोकर, खेळता, वर्षभराचा हिशोब काढला तर अकरा हजार प्लस आहेस. ऑनलाइन बंद झालंय म्हणून आता ६० हजार घेऊन गोव्याला कसिनोत कॅश टेबलवर बसायचंय आणि जमलं तर नोकरी सोडून हेच करायचं असंही डोक्यात आहे. शिवाय एक हँड, म्हणजे एक डाव, लिहिलायस, एक्का-राजा घेऊन अख्खा स्टॅक (समोरच्या सगळ्या चिप्स) गेला आणि त्यानंतरचे दोन शनिवार तुझं डोकंच ठिकाणावर नव्हतं.

मी बरीच वर्षं खेळतोय, आधी इथे नाशकात, मग गोव्यात, मधली काही वर्षं ऑनलाइन. सरळ सांगतो. गोव्याला जा, पण मी खाली सांगतोय त्या अटींवर. नोकरी अजिबात सोडू नको. आणि दोन्ही गोष्टी का, ते नीट समजून घे कारण तुझ्या त्या एक्का-राजाच्या हँडमध्येच अर्धं उत्तर आहे.

आपल्याकडचा जवळपास प्रत्येक पोकर खेळणारा तीन पत्तीतून आलेला असतो. दिवाळीत मामाच्या घरी, लग्नाच्या आदल्या रात्री हॉलवर, कॉलेजात ट्रिपला, पहिले पैसे तिथेच लावलेले असतात. पत्ते कसे धरायचे, समोरच्याच्या तोंडाकडे कसं बघायचं हे सगळं तिथून येतं, त्यात वाईट काही नाही. पण तीन पत्तीने हाताला लावलेल्या काही सवयी अशा आहेत की होल्डेमच्या टेबलवर त्याच तुझे पैसे खातात, आणि मी आजवर नाशिकचे जे जे खेळाडू गोव्यात बुडताना बघितले त्यातले बहुतेक पत्त्यांच्या नशिबाने नाही, या सवयींनी बुडाले.

सगळ्यात साधी गोष्ट घे. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. पाच पत्त्यांत उलटं, कलर म्हणजे फ्लश मोठा आणि सिक्वेन्स म्हणजे स्ट्रेट लहान. कारण नुसतं गणित आहे, तीन पत्त्यांत साधा कलर जवळपास ५ टक्के वेळा येतो आणि सिक्वेन्स सव्वातीन टक्के, पाच पत्त्यांत स्ट्रेट ०.३९ टक्के आणि फ्लश ०.२० टक्के, जे कमी येतं ते मोठं. हे तुला पाठ आहे मला माहितीये. पण रात्री दोन वाजता दमलेल्या डोक्याने बोर्डवर, म्हणजे टेबलवरच्या सामायिक पत्त्यांत, तीन इस्पिक दिसत असताना स्ट्रेट घेऊन ऑल-इन कॉल करणारी, म्हणजे सगळे पैसे लावून समोरच्याशी बरोबरी करणारी माणसं मी स्वतः बघितलीत, आणि नंतर विचारलं तर म्हणतात अरे सिक्वेन्स होता ना. म्हणजे हाडात काय मुरलंय बघ.

दुसरी सवय जास्त महाग आहे. तीन पत्तीत पॅक करणं म्हणजे घाबरणं. ब्लाइंड चाल चालणारा तो मर्द, पत्ते बघून पॅक करणारा तो भित्रा, आणि "शो बघायचाच" हा जो हट्ट असतो ना, तो सगळा पोकरमध्ये समोरच्याच्या खिशात जातो. तीन पत्तीत पत्ते तीनच आणि सगळे आधीच हातात, पुढे नवीन काही येत नाही, म्हणून तिथे दम धरणं आणि तोंडावर काही न दाखवणं हाच खेळ उरतो. होल्डेममध्ये चार वेळा बेटिंग होतं, आधी हातातल्या दोन पत्त्यांवर, मग फ्लॉपला तीन सामायिक पत्ते उघडल्यावर, मग टर्नला चौथा आणि रिव्हरला पाचवा उघडल्यावर, आणि प्रत्येक वेळी नवीन माहिती येते, बोर्ड बदलतो, कोण चेक करतोय (पैसे न लावता पाळी सोडतोय) कोण अचानक जागा झालाय हे कळतं. त्यामुळे इथे पॅक करणं, म्हणजे फोल्ड, हे या खेळातलं सगळ्यात जास्त वेळा करायचं काम आहे. नऊ जणांच्या टेबलवर चारातले तीन हात तरी फ्लॉप न बघता टाकायचे, आणि पहिल्या दोन-तीन सीटवरून बोलायची पाळी असेल तर त्याहून जास्त.

आता याचा लाइव्हमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या टेबलवर, काय अर्थ होतो बघ. डीलर चांगला असला तरी तासाला २५ ते ३० हँड होतात. एक्क्यांची जोडी २२१ हँडमध्ये सरासरी एकदा येते, म्हणजे आठ तास बसलास तर एकदा. कुठलीही जोडी १७ हँडमध्ये एकदा, आणि जोडी घेऊन फ्लॉपवर तिसरा तसाच पत्ता लागणं साधारण साडेआठ वेळांत एकदा. म्हणजे तू चार-पाच तास नुसता फोल्ड करत बसणार आहेस, शेजारी दारू पीत असलेला माणूस गुलाम-तिर्री घेऊन पॉट (मधे जमलेले पैसे) मारणार आहे, आणि तुला वाटणार आहे की आपण काय इथे टेबल भाड्याने घेतलंय का. ऑनलाइनवाल्या पोरांना हेच सगळ्यात जड जातं, चार टेबल एकत्र उघडायची सवय झालेली असते. माझ्या मते लाइव्ह पोकरमधलं निम्मं कौशल्य तिथे बसून राहण्यातच आहे आणि ते कुठल्याही व्हिडिओत शिकवत नाहीत.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार, साठीच्या पुढचे. सॉल्व्हर (योग्य खेळी काढून देणारं सॉफ्टवेअर) वगैरे शब्द त्यांनी ऐकले नसतील पण आमच्यात लाइव्हला सगळ्यात चांगलं तेच खेळतात. त्यांची पाळी आल्याशिवाय ते पत्ते उचलून बघत नाहीत. डीलर पत्ते वाटतो तेव्हा सगळे आपापले पत्ते बघतात आणि काका मान वर करून बाकीचे पत्ते कसे बघतायत ते बघत असतात, मग पाळी आली की अंगठ्याने दोन कोपरे उचलायचे, परत खाली, वर एक चिप ठेवायची. बस. एकदा गोव्यात मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटीवर त्यांचे एक्के आणि एका दिल्लीच्या पोराची राजांची जोडी, सगळे पैसे फ्लॉपच्या आधीच मधे गेले, आणि रिव्हरला राजा पडला. पोरगा उभा राहून ओरडायला लागला. काकांनी पत्ते डीलरकडे सरकवले, नवीन चिप्स मागवल्या, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "परत हेच पत्ते आले तर परत हेच करायचं ना?" मी म्हटलं हो, ८२ टक्के तुमचे होते. "मग झालं तर," म्हणाले, आणि पुढचा हात बघून फोल्ड केला. ज्याने मार्चमध्ये तयार बाग गारपिटीत गेलेली बघितलीये त्याला एका राजाचं काय वाटणार, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की त्यांनी प्रश्न बरोबर विचारला. पैसे गेले का हा प्रश्नच नव्हता, निर्णय बरोबर होता का एवढाच.

तोच प्रश्न आता तुझ्या हँडला लावू.

तू सांगितलंस तसं, प्रत्येकाकडे २००० चा स्टॅक, तुझ्याकडे बदाम एक्का आणि किलवर राजा, तू ८० ला रेझ केलंस, म्हणजे बोली वाढवलीस, दोघांनी आणि बिग ब्लाइंडने (२० चा ब्लाइंड लावलेल्याने) कॉल केलं, म्हणजे तेवढेच लावले, १० च्या ब्लाइंडसकट पॉट ३३०. फ्लॉप चौकट राजा, इस्पिक नव्वी, इस्पिक चव्वी. तू २०० लावलेस, फक्त बिग ब्लाइंडवाला आला, पॉट ७३०. टर्नला किलवर दुर्री, तू ४५० लावलेस, तो परत आला, पॉट १६३०. रिव्हरला इस्पिक सत्ती पडली आणि जो माणूस इतका वेळ नुसता कॉल करत होता त्याने उरलेले १२७० एकदम मधे ढकलले. तू कॉल केलंस, त्याने इस्पिक एक्का-छक्की दाखवली, फ्लश. आणि तू लिहिलंस "बॅड बीट, नशीबच खराब".

फ्लॉप आणि टर्न तू छान खेळलास, मी असतो तर असंच खेळलो असतो. टर्नला त्याचा फ्लश पूर्ण करणारे नऊ इस्पिक शिल्लक होते, ४४ पत्त्यांतले ९, म्हणजे वीस टक्के. तू त्याच्याकडून ११८० च्या पॉटसाठी ४५० मागितलेस, त्यासाठी त्याला साडेसत्तावीस टक्के पाहिजे होते. म्हणजे त्याचा कॉल चुकीचा होता. रिव्हरला फ्लश लागल्यावर तू फोल्ड केलं असतंस तर असा कॉल करून तो दर वेळी सरासरी ११५-१२० रुपये घालवत होता. पण तू शेवटचे १२७० दिलेस, आणि ते दिल्यावर गणित फिरतं, आता तोच कॉल करून तो सरासरी १४० रुपये कमावतो. कागदावर मांडून बघ, लागलं तर ११८० अधिक १२७०, नाही लागलं तर ४५० गेले. त्याचा चुकीचा कॉल तुझ्या रिव्हरच्या कॉलने बरोबर झाला. यात नशिबाचा भाग फक्त सत्ती पडली एवढाच, बाकीचे १२७० तू हाताने दिलेस.

रिव्हरला काय विचार करायचा होता ते सांगतो. १२७० देऊन २९०० मिळणार होते, म्हणजे साडेतीस टक्के वेळा तरी तू पुढे असायला हवास. आता स्वतःला विचार, हा माणूस, जो वर्षभर तुझ्यासमोर बसतोय, जो कधी रेझ करत नाही, तो इस्पिक पडल्या पडल्या सगळा स्टॅक ढकलतो तेव्हा दहातल्या तीन वेळा त्याच्याकडे काहीच नसतं का? तुझंच उत्तर नाही असणार आहे. मग तू कॉल का केलंस? कारण एक्का-राजा टाकवत नाही, आणि बघायचं होतं. शो बघायचा होता. तीच ती दिवाळीतली सवय. शांत खेळणारा माणूस टर्न किंवा रिव्हरला अचानक मोठा होतो तेव्हा एक जोडी टाकायची, ती कितीही सुंदर असली तरी. आपल्या स्टेक्सवर, म्हणजे इतक्या लहान रकमांच्या गेममध्ये, हा एकच नियम पाळलास तरी वर्षाला जेवढे वाचतील तेवढे कुठल्याही कोर्सने मिळणार नाहीत.

याचीच दुसरी बाजू ब्लफची. पॉटच्या निम्मी बेट लावून ब्लफ मारायचा तर तो तीनात एकदा चालला पाहिजे, पूर्ण पॉट लावला तर दोनात एकदा. हिशोब सोपा आहे पण त्यासाठी समोरचा फोल्ड करणारा लागतो, आणि सुट्टीला आलेला माणूस फोल्ड करायला आलेला नसतो, तो पत्ते बघायला आलेला असतो. त्याला ब्लफ मारून काय मिळणार. त्याच्याविरुद्ध चांगले पत्ते आले की नेहमीपेक्षा मोठी बेट लाव, पॉटचे पाऊण, कधी पूर्ण, तो देतो. सोशल मीडियावर क्लिप फिरतात त्या सगळ्या मोठ्या ब्लफच्या असतात म्हणून पोरांना वाटतं तोच पोकर. लहान स्टेक्सवर पैसा येतो तो चांगल्या पत्त्यांना पूर्ण किंमत वसूल करण्यातून.

आता तुझ्या अकरा हजारांबद्दल. आवडणार नाही पण ऐक. आठवड्याला पाच तास, स्वतः पत्ते पिसून वाटताय म्हणजे तासाला वीसेक हँड, वर्षाला साधारण पाच हजार हँड झाले. नो लिमिट होल्डेममध्ये शंभर हँडमागे स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे नशिबाने होणारा चढउतार, ९० बिग ब्लाइंडच्या (तुमच्याकडे एक म्हणजे २० रुपये) आसपास धरतात, ढिल्या गेममध्ये जास्तच. पाच हजार हँडला ते येतं सुमारे ६४० बिग ब्लाइंड, तुझ्या गेममध्ये तेरा हजार रुपये. म्हणजे ज्याला पोकरमध्ये ना फायदा ना तोटा असा अगदी मध्यम खेळाडू घेतला तरी पाचातला एक जण वर्षाअखेरीस तुझ्याएवढा प्लस दिसणार. तुझा खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला तर हँड लिहिण्याची तुझी पद्धत बघून तू मेहनती वाटतोस. फक्त अकरा हजार हा पुरावा नाही. आणि उलटंही खरं आहे, शंभर हँडमागे पाच बिग ब्लाइंड कमावणारा उत्तम खेळाडू घे, लाइव्हमध्ये शंभर तास बसव, तरी दहातल्या जवळजवळ चार वेळा तो तोट्यात उठेल. शंभर तास म्हणजे गोव्याच्या किती ट्रिपा ते तूच मोज. म्हणून पहिल्या ट्रिपला जिंकून आलास तर उडू नको आणि हरून आलास तर स्वतःला शिव्या देऊ नको, दोन्हीतून जवळपास काहीच सिद्ध होत नाही.

टिल्टचं, म्हणजे हरल्यावर डोकं फिरून खेळण्याचं, म्हणशील तर मनाला आवर घाल वगैरे उपदेशाचा काही उपयोग होत नाही, त्या क्षणी मन कोणाच्या ऐकण्यात नसतं. आधीच ठरवून ठेवलेल्या गोष्टी कामाला येतात. एका बसण्यात दोन बाय-इन (टेबलवर बसताना चिप्ससाठी द्यायची रक्कम) गेले की उठायचं, हे खोलीतून निघतानाच ठरलेलं पाहिजे आणि तिसऱ्या बाय-इनचे पैसे खोलीतच राहिले पाहिजेत, कार्डासकट. मोठा पॉट हरलास की पुढची एक फेरी उठून जा, पाणी पी, डेकवर जाऊन उभा राहा. हरलेला हँड टेबलवर कोणाला सांगत बसू नको, फोनमध्ये लिहून ठेव आणि दुसऱ्या दिवशी बघ. आणि दारू नाही. तिथे एंट्रीच्या पॅकेजमध्येच दारू असते, वेटर हातात ग्लास आणून देतो, ती तुझ्यासाठी फुकट नाहीये बरं का. शेवटचं म्हणजे कोणावर राग धरून खेळू नको, ज्याने तुझे पैसे घेतले त्याच्याकडूनच परत घ्यायचे हा विचार आला की समज आज झालं.

टेबलवरच्या रीती घरच्या गेममध्ये कोणी पाळत नाही म्हणून तिथे पोरं गांगरतात. रेझ करायचं असेल तर आधी तोंडाने "रेझ" म्हण आणि आकडा सांग, मग चिप्स टाक. काही न बोलता एक मोठी चिप टाकलीस तर तो कॉल धरतात. थोड्या टाकल्या, परत स्टॅककडे हात नेला, अजून टाकल्या असं चालत नाही, पहिल्यांदा टाकल्या तेवढ्याच राहतात. पाळीच्या आधी फोल्ड करू नको, तुझ्या आधी बोलणाऱ्याला फुकटची माहिती मिळते. पत्त्यांवर चिप ठेव, उघडे राहिले आणि डीलरने चुकून ओढून घेतले तर परत मिळत नाहीत. शेजाऱ्याला पत्ते दाखवणं, फोल्ड केल्यावर "माझ्याकडे नव्वी होती यार" असं हँड चालू असताना बोलणं, दोन्ही बंद. रिव्हरला कॉल झाल्यावर शेवटी ज्याने बेट लावली त्याने आधी दाखवायचं, आणि जिंकणारे पत्ते हातात असताना मुद्दाम वेळ लावून हळूहळू उघडणं याला सगळीकडे नीचपणा समजतात, ते कधी करू नको. डीलरला पॉट जिंकल्यावर टिप देतात, मोठा पॉट असेल तर द्यावी, तो बिचारा रात्रभर लोकांच्या शिव्या खात असतो.

एक नियम मात्र तुझ्या भल्याचा आहे आणि तीन पत्तीवाल्याला नवा वाटतो. टेबलवर जेवढे आहेत तेवढेच एका हँडमध्ये जाऊ शकतात. हँड चालू असताना खिशातून काढून लावायचे नाहीत, कोणाकडून घ्यायचेही नाहीत, कमी असतील तर तेवढ्यापुरता ऑल-इन आणि बाकीच्यांचा साइड पॉट. आपल्याकडच्या तीन पत्तीत चाल वाढत जाते, माणूस अंगठी, गाडीची चावी काढून ठेवतो, घरं बसलीत त्याने. इथे ते होऊ शकत नाही. पण त्याबरोबर हेही, की जिंकलेल्या चिप्स मधेच खिशात घालता येत नाहीत, उठायचं तर सगळं घेऊन उठायचं. आणि जिंकून लवकर उठणं यात लाज काही नाही, लोक टोमणे मारतील, मारू दे.

कमकुवत खेळणाऱ्याला टेबलवर शिकवू नको, हसू नको. मला हे मनापासून वाटतं, फक्त त्याचे पैसे आपल्याला मिळावेत म्हणून नाही. तो माणूस कुठूनतरी चार दिवस सुट्टी काढून आलाय, त्याला नीट वागवलं पाहिजे. नाशिकचे लोक टेबलवर चांगले, असं गोव्यातल्या एका डीलरने मला सांगितलं होतं तेव्हा पॉट जिंकल्यापेक्षा बरं वाटलं होतं.

आता पैसे. ६० हजारांत तू ५०/१०० च्या टेबलवर बस, दहा हजारचा बाय-इन पडतो, मोठ्या टेबलवर नको. तीन बाय-इन एका ट्रिपसाठी, बाकीचे घरीच. कसिनोवरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, तेव्हा चिप्स घेण्याआधी काउंटरवर स्पष्ट विचार की मी इतके दिले तर माझ्यासमोर टेबलवर किती येणार. प्रत्येक पॉटमधून रेक, म्हणजे कसिनोचा कट, किती टक्के आणि त्याला वरची मर्यादा काय हेही विचार, विचारायला संकोच करू नको. वय किमान २१ लागतं, ओळखपत्र बरोबर ठेव.

नोकरी सोडण्याचं म्हणत होतास त्यावर एकच हिशोब पुरे आहे. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर आपल्याकडे सरळ ३० टक्के कर, वर सेस, आणि त्यातून हरलेले पैसे किंवा खर्च वजा होत नाहीत. एका ट्रिपला लाख जिंकलास, पुढच्या ट्रिपला लाख हरलास, तर हातात शून्य आणि कर लाखावर, ३१,२०० रुपये. धंदा म्हणून करणाऱ्याला हे कसं परवडणार? त्यात लाइव्हला तासाला पाच बिग ब्लाइंड म्हणजे फार चांगली कमाई समजतात, ५०/१०० वर ते पाचशे रुपये झाले, त्यातून कर, हॉटेल, प्रवास, टिप. तुझी अंबडची नोकरी याच्यापेक्षा चांगली आहे. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या सॅटेलाइटमधून, म्हणजे पात्रता स्पर्धेतून, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला, ती गोष्ट खरी आहे आणि तिच्यामुळेच जगभर माझ्यासारखे हजारो या खेळात आले. पण त्या वर्षी तिथे ८३९ जण बसले होते, बाकी ८३८ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही.

ऑनलाइनचं, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन जो कायदा झाला त्यात पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन गेम बंद केलेत, कौशल्याचे असोत की नशिबाचे. परदेशी साइटवर व्हीपीएन लावून खेळायचा सल्ला देणारे भेटतील, नको, पैसे अडकले तर दाद मागायला जागाच नाही. आणि तुमच्या शनिवारच्या गेमबद्दल एक गंभीर सूचना. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. इथे कसिनोला लायसन्स मिळत नाही, १९७६ चा जो कसिनो कायदा कागदावर पडून होता तोही २०२३ मध्ये रद्द केला. रमीला १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कौशल्याचा खेळ म्हटलं पण त्याच निकालात हेही आहे की जागा देणारा खेळातून कमाई करत असेल तर गोष्ट वेगळी. पोकरबद्दल तर कोर्टांची मतं सारखी नाहीत, गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवलं. तुझा मित्र "चहा-नाश्त्याचे" म्हणून प्रत्येक पॉटमधून कट काढतो असं तू लिहिलंयस, ते आजच बंद करा. वर्गणी काढायचीच तर मिसळीची काढा. मी तर म्हणेन पैशांशिवाय, नुसत्या चिप्सवर टुर्नामेंट खेळा, हँड लिहून काढून चर्चा करा, त्यातून तू जास्त शिकशील.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून कळकळीने सांगतोय. टेबलवर उधार देऊ नको, घेऊ नको, पाचशे रुपये पण नाही. आपल्या शहरात सगळे एकमेकांना ओळखतात, कोणाचा भाऊ तुझ्या कंपनीत, कोणाची सोसायटी तुझ्या शेजारी, आणि पत्त्यातल्या उधारीने तुटलेली माणसं मी परत जोडलेली बघितली नाहीत. ६० हजार हे तुझे, बाजूला टाकलेले आहेत ना? त्यात क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, बहिणीच्या लग्नाचे असं काही असेल तर जाऊच नको. घरी सांगून जा. हरलेले भरून काढायला खेळावंसं वाटायला लागलं, घरी आकडा खोटा सांगावा लागला, तर तो टिल्ट नाही, ते वेगळं प्रकरण आहे, तेव्हा लाजू नको, टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

बाकी जाण्याचं म्हणशील तर मनमाडहून गोवा एक्सप्रेस धर, मडगावला उतर. पोचल्या दिवशी टेबलवर बसू नको, प्रवासाने डोकं जड असतं. झोप काढ, दुसऱ्या दिवशी दुपारी पोटभर जेव, संध्याकाळी जाऊन आधी अर्धा तास नुसतं उभं राहून टेबल बघ, कोण कॉल करतोय कोण पितोय, मग नाव नोंदव. शक्य झालं तर सगळ्यात ढिला खेळणारा तुझ्या उजव्या हाताला येईल अशी सीट माग, म्हणजे तो आधी बोलेल आणि तू नंतर. आणि तो एक्का-राजावाला हँड परत एकदा कागदावर मांडून मला दाखव, या वेळी रिव्हरला समोरच्याकडे काय काय असू शकतं ते सगळं लिहून.